शेवट सांगू नये

२०२० साली गुढीपाडवा आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस एकाच तारखेस, म्हणजे २५ मार्चला, आला. पुढे तीनच दिवसांनी, २८ मार्चपासून, दूरदर्शनने रामानंद सागर यांची 'रामायण' ही जुनी मालिका पुन्हा दाखवावयास प्रारंभ केला. पहाडगंजातील एका मराठी बिऱ्हाडात त्या दिवसांत दोन पडद्यांवर दोन कथा चालत. दिवाणखान्यात केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेले आजोबा सकाळ-संध्याकाळ रामायणापुढे बसत. आतल्या खोलीत त्यांची नात हातातल्या फोनवर 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही सोळा भागांची कोरियन मालिका पाहत असे. एके दिवशी आजोबा तिच्या पाठीमागे उभे राहून दोन क्षण पडदा न्याहाळते झाले आणि वर्तमानपत्रात वाचलेले काहीतरी आठवून म्हणाले, "अगं, म्हणजे ही दोघं शेवटी—" नातीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "आबा, पुढचं सांगू नका हं! सगळी मजा जाईल."

आजोबांना मनापासून नवल वाटले. "रामायणाचा शेवट मला सत्तर वर्षं ठाऊक आहे," ते म्हणाले, "माझी मजा कुठं गेली?"

हा प्रश्न वरवर घरगुती असला तरी त्याच्या पोटात नाट्यकलेचा मोठा इतिहास आहे. शेवट आधी कळल्याने कथेची हानी होते काय? आजच्या तरुण पिढीने या हानीला 'स्पॉयलर' असे नाव दिले आहे. आपण तिला रहस्यभेद म्हणू. रहस्यभेदाचे हे भय आधुनिक आहे, पाश्चात्त्य आहे, आणि आपल्याकडील रसिक त्यापासून मुक्त होता, असे पुष्कळदा सांगण्यात येते. मला हे मत अर्धेच खरे वाटते. आणि उरलेल्या अर्ध्याचा आपल्यासारख्या स्वप्रांतापासून दूर राहिलेल्यांशी फार जवळचा संबंध आहे.

तत्पूर्वी पहाडगंजविषयी दोन शब्द. मुघल काळात शहराच्या तटाबाहेरची धान्यपेठ असलेली ही वस्ती आज नवी दिल्ली रेल्वेस्थानकाच्या दारातच आहे. मराठी माणसास ती परकी नाही. बृहन्महाराष्ट्र भवन येथेच आहे आणि नूतन मराठी विद्यालयही येथेच. परंतु मुख्य बाजारातून चालू लागले की जगातील निम्म्या लिप्या पाट्यांवर दिसतात. स्वस्त निवासांमुळे येथे पाठीवर पिशवी टाकून हिंडणारे परदेशी प्रवासी कित्येक दशके उतरत आले आहेत. त्यांत कोरियन तरुणही पुष्कळ. म्हणून एखाद्या निवासाच्या गच्चीवर किमची आणि भात वाढणारी खानावळही या बाजारात भेटते. तेव्हा कोरियन कथा या वस्तीत घरात शिरण्याच्या कितीतरी आधी कोरियन माणूस गल्लीत शिरलेला होता.

आता आजोबांची बाजू पाहू. ती बळकट आहे. संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार रंगभूमीवर येऊन कवीचे आणि नाटकाचे नाव सांगतो, आणि कुशल कवी तेवढ्यात कथेचे बीजही पेरून जातो. 'शाकुंतला'च्या प्रस्तावनेत नटीच्या गाण्याने सूत्रधार इतका मोहून जातो की आज कोणते नाटक करावयाचे हेच तो विसरतो. विस्मरणावर उभ्या असलेल्या नाटकाचा आरंभ कालिदासाने असा विस्मरणानेच केला. पुढे दुर्वासांचा शाप प्रेक्षकाला कळतो, शकुंतलेला कळत नाही, दुष्यंताला कळत नाही. राजसभेतील प्रसंगाची सारी वेदना या असमान ज्ञानातून निर्माण होते. प्रेक्षकही अज्ञानी असता तर त्याला फक्त धक्का बसला असता. तो जाणता असल्यामुळे त्याचे काळीज पिळवटते.

मराठी रंगभूमीने हाच वारसा उचलला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. त्यांच्या खेळात सूत्रधार कथाभाग आधी पदांतून गाई आणि मग पात्रे तोच भाग बोलून दाखवीत. म्हणजे प्रत्येक प्रवेशाचा रहस्यभेद त्या प्रवेशाच्या उंबरठ्यावरच होई. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त यतीच्या वेषात अर्जुन आहे हे सुभद्रेस ठाऊक नसते, पण प्रेक्षकास पहिल्यापासून ठाऊक असते, आणि खेळाची सारी गोडी या ठाऊक असण्यात आहे. खाडिलकरांचे १९०७ सालचे 'कीचकवध' तर आपला शेवट नावातच सांगून टाकते. प्रेक्षकाला कीचक मरणार हे ठाऊक होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा कीचक कोण हेही ठाऊक होते. कीचकाच्या आड लॉर्ड कर्झन उभा आहे हे सरकारच्याही ध्यानात आले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. कथानकात रहस्य उरले नव्हते. जे रहस्य होते ते थिएटरातील सर्वांनी मिळून राखले होते.

परंतु येथेच थांबलो तर आजोबांना न्याय आणि नातीला अन्याय होईल. ज्या भरतमुनींचे आपण नाव घेतो, त्यांनीच नाट्यशास्त्रात असा दंडक घातला आहे की नाटकात रस कोणतेही असोत, निर्वहणात, म्हणजे शेवटच्या संधीत, अद्भुत रसाची योजना करावी. शेवटी प्रेक्षकाने विस्मित झाले पाहिजे, हे त्यांना मान्य होते. उत्सुकता ही आपल्या रसिकतेला परकी नव्हती.

मराठी वाचकाने ही उत्सुकता छापील कागदावर प्रथम मनमुराद अनुभवली ती गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' पत्र सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. यमू ही कोणी पुराणातली नायिका नव्हती. तिचे पुढे काय होणार हे कोणत्याही आजीला, कोणत्याही हरदासाला सांगता येण्यासारखे नव्हते. येथे असा वाचक दिसू लागला, की ज्याला पुढचा अंक येईपर्यंत थांबणे भाग होते. त्यानंतर बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी कित्येक पिढ्यांना जागविले. आणि ग्रंथालयातून आणलेल्या त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर खुन्याचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवणारा वाचक हा समाजकंटक मानला जाऊ लागला.

चित्रपटगृहांतही हीच रीत रुजली. पहाडगंजात इंपीरियल, खन्ना अशी चित्रपटगृहे होती. १९६१ साली उघडलेले आणि ७० मिलिमीटरच्या भव्य पडद्यासाठी नावाजलेले शीला २०१७ साली बंद झाले. जुन्या काळी चित्रपटगृहाबाहेर गाण्यांची जी चोपडी मिळे, तिच्यात कथासारही छापलेले असे. परंतु ते सार नेमके ऐन वळणावर थांबे आणि पुढील कथा रुपेरी पडद्यावर पाहावी, अशी विनंती करी. चार आण्यांच्या त्या चोपडीच्या लेखकाला किती सांगावे आणि कोठे थांबावे याचे तारतम्य होते. विलायतेत अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या 'द माउसट्रॅप' या १९५२ पासून चालत आलेल्या नाटकाच्या अखेरीस प्रेक्षकांना गुन्हेगाराचे नाव बाहेर न फोडण्याची विनंती करण्याचा प्रघात पडला, आणि हिचकॉकने १९६० साली 'सायको'च्या वेळी खेळ सुरू झाल्यावर कोणासही आत सोडू नये असा नियम केला. चोपडीवाल्याने जे दोन ओळींत साधले, त्याचाच हा थोरला अवतार.

आजोबा व नात यांच्यातील हा तंटा केवळ आपल्याच घरचा नाही. ज्या पूर्वेकडून नातीची मालिका आली, तेथेही जाणतेपणा व उत्सुकता यांचे असेच दुहेरी नाते आहे. चीनमधील जुन्या दीर्घ कादंबऱ्या बाजारात कथा सांगणाऱ्या कथेकऱ्यांच्या परंपरेतून वाढल्या. त्यांच्या प्रत्येक अध्यायाला एक जोडओळीचे शीर्षक असते आणि अध्यायात काय घडणार हे त्यातच सांगितलेले असते. त्याच अध्यायाचा शेवट मात्र अशा अडलेल्या क्षणी होतो, की पुढचे ऐकावयाचे असल्यास पुढच्या बैठकीस या, असे कथेकरी श्रोत्यांस बजावतो. आरंभी सांगावयाचे आणि अखेरीस अडवावयाचे, अशी ही गंमत आहे. जपानात चिकामात्सूने १७०३ साली बाहुलीनाट्यासाठी जे 'सोनेझाकी शिंजू' लिहिले, त्याच्या नावातला 'शिंजू' हा शब्दच प्रेमी युगुलाच्या जोडआत्महत्येचा वाचक आहे. 'कीचकवधा'प्रमाणेच येथेही शेवट नावातच आहे. उलट त्याच देशातील नोह नाट्याचा आचार्य झेआमी याने नटाच्या कलेचे 'फूल' हे झाकून ठेवण्यात आहे, असे प्रतिपादन केले. म्हणजे कथा उघडी असेल, पण ती फुलण्याची रीत झाकलेली असावी.

कोरियाची गोष्ट आणखी बोलकी आहे. '२००३–०४' सालची 'दे जांग गुम' ही चौपन्न भागांची मालिका पुढे आशियाभर गाजली आणि २००६ साली आपल्या दूरदर्शनवरही आली. जोसन राजवंशातील जुंगजोंग राजाच्या (१५०६–१५४४) इतिवृत्तात जांगगुम नावाच्या स्त्रीवैद्याचे थोडेसेच उल्लेख आहेत. त्या मूठभर नोंदींवर मालिकाकारांनी चौपन्न भागांचा वृक्ष वाढविला. राजा कोण होता, तो केव्हा मेला, हे कोरियन शाळकरी मुलास पाठ्यपुस्तकातून कळते. तेथील प्रेक्षक अशा कथांविषयी थट्टेने म्हणतात की, इतिहास हाच सर्वांत मोठा रहस्यभेद. २०२३ साली १२ डिसेंबर १९७९ च्या लष्करी उठावावर तेथे एक चित्रपट निघाला. उठाव यशस्वी झाला हे कोणास ठाऊक नव्हते? तरीही एक कोटी तीस लाखांहून अधिक प्रेक्षक तो पाहावयास गेले. हरणार हे ठाऊक असलेल्या माणसाच्या बाजूने ते अडीच तास झुरत बसले.

मराठी माणसाला हा अनुभव समजावून सांगावा लागत नाही. आपल्या भाषेत 'पानिपत होणे' हा वाक्प्रचारच आहे. ज्या कथेचा शेवट भाषेने शब्दकोशात नेऊन ठेवला, तिचा रहस्यभेद आणखी कोण करणार? विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ साली आली; भाऊसाहेब दिल्ली घेतात तो भाग वाचताना १७६१ ची संक्रांत पुढे उभी आहे हे प्रत्येक वाचकास दिसत असते. तरी आपण पाने उलटतो, आणि दर वेळी वेड्या आशेने उलटतो, की या खेपेस तरी भाऊ पुण्याकडची वाट मोकळी ठेवील.

तर मग रहस्यभेदाचे भय इतके तीव्र आजच का झाले? माझ्या मते कारण प्रसारणाच्या रीतीत आहे. १९८४ साली 'हम लोग' सुरू झाली, १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' आणि १९८८ च्या २ ऑक्टोबरला 'महाभारत'. त्या काळी सारा देश एकाच वेळी एकाच भागापाशी असे. कोणी कोणाच्या पुढे नव्हता, म्हणून कोणी कोणाचे रहस्य फोडू शकत नव्हता. 'महाभारता'त तर काळ स्वतःच सूत्रधार होऊन बोलत असे. कोरियातही मालिका आठवड्यास दोन भाग या गतीने चालत आल्या. कित्येकदा शेवटचे भाग मालिका चालू असतानाच लिहिले जात आणि प्रेक्षकांच्या आवडीनिवडीचा त्यांवर परिणाम होई. जो शेवट लेखकानेच अजून लिहिलेला नाही, तो फोडणार कोण? परंतु १७ सप्टेंबर २०२१ रोजी 'स्क्विड गेम'चे नऊही भाग एकदम जगापुढे ठेवण्यात आले. एकाच घरात थोरला भाऊ सातव्या भागावर, धाकटी बहीण दुसऱ्यावर आणि आई अजून पहिल्यावर, अशी स्थिती झाली. पूर्वी माणसांत स्थळाचे अंतर असे; आता एका छपराखाली काळाचे अंतर पडले.

आणि येथे आपण, दूरच्या नेमणुकीवरची माणसे, काही अधिकाराने बोलू शकतो. कारण अशा अंतराची सवय आपल्याला फार जुनी आहे. पुण्या-मुंबईस गाजलेले नाटक दिल्लीस पोहोचेपर्यंत त्याचे परीक्षण वर्तमानपत्रातून आलेले असे, बहिणीच्या पत्रातून तिसऱ्या अंकातील प्रसंग आलेला असे, आणि सुटीवर जाऊन आलेल्या सहकाऱ्याने चहाच्या पेल्याबरोबर शेवटही पाजलेला असे. कथा मागाहून यावयाची आणि तिचा शेवट आधी यावयाचा, हेच प्रवासी माणसाचे प्राक्तन होते. नाटकाचे राहो, आयुष्याचेही तेच. १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. तिच्या राज्यात किती घरांत असे झाले असेल, की तार आधी आली आणि आईची प्रकृती बरी असल्याचे पत्र तिच्यानंतर दोन दिवसांनी आले! शेवट आधी कळणे म्हणजे काय, हे असे पत्र उघडणाऱ्याला कोणी सांगावयास नको.

म्हणून पानिपतच्या बातमीची हकीकत मला वारंवार आठवते. जानेवारी १७६१ च्या अखेरीस नानासाहेब पेशवे भाऊंच्या मदतीसाठी उत्तरेकडे येत होते. वाटेत भेलशाच्या बाजूस एका सावकाराचे पत्र त्यांच्या हाती पडले. मोती गळाल्याची, मोहरा हरवल्याची आणि चांदी-तांब्याच्या खुर्द्याला गणतीच नसल्याची ती व्यापारी भाषेतील नोंद होती. मोती कोण आणि मोहरा कोण हे पेशव्यांस समजले. त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवर त्यांचे देहावसान झाले. त्या पत्रलेखकाला बातमी कळविणे भाग होते. पण उघड्या शब्दांत ती लिहावयास त्याची लेखणी धजली नाही. त्यात व्यवहाराची सावधगिरी असेल. मला मात्र त्यात एक प्रकारची मर्यादाही दिसते. काही शेवट सांगावेच लागतात. तरी ते कसे सांगावेत, याला रीत असते.

प्रयोगशाळेनेही या प्रश्नात हात घातला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील लेविट आणि ख्रिस्टेनफेल्ड यांनी २०११ साली असा निष्कर्ष काढला की शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना उलट अधिकच आवडल्या. पुढच्या काही संशोधकांना मात्र याच्या विरुद्ध अनुभव आला. मला यात आश्चर्य वाटत नाही. शेवट ठाऊक असणे आणि शेवट अवेळी कानावर पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कीर्तनाच्या उत्तररंगात हरिश्चंद्राचे आख्यान रंगले असता पुढे काय होणार हे श्रोत्यांतील प्रत्येकास माहीत असते, तरीही मधेच उठून कोणी "मग रोहिदास जिवंत होतो!" असे ओरडला तर सारी सभा त्याच्याकडे डोळे वटारून पाहील. त्याने नवी माहिती दिलेली नसते. बुवांच्या मुखीचा क्षण हिरावून घेतलेला असतो. रहस्य फोडणाऱ्याचा खरा अपराध हा आहे. सांगण्याचा अधिकार कथेकऱ्याचा. शेजारी बसलेल्याने तो आपल्याकडे घेऊ नये.

या दृष्टीने पाहता नातीचे कानांवर हात ठेवणे मला आधुनिक लहर वाटत नाही. ती कीर्तनातली शिस्तच आहे. आणि आजोबांचा प्रश्नही खोटा नाही. पण त्यांच्या प्रश्नात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती त्यांच्या लक्षात आली नव्हती. रामायणाचा शेवट त्यांना सत्तर वर्षे ठाऊक आहे, कारण कोणीतरी तो त्यांना सत्तर वर्षांपूर्वी सांगितला. गावच्या देवळातले कीर्तन, आजीची मांडी, शाळेतले मास्तर, गणेशोत्सवातील मेळा असे सांगणारे त्यांच्याभोवती पुष्कळ होते. जाणत्या प्रेक्षकाची ती सारी परंपरा या अखंड सांगण्यावर उभी होती. दिल्लीत, भोपाळात, कोलकात्यात वाढलेल्या आपल्या मुलांना ते कोणी सांगितले?

याचे उत्तर त्याच बिऱ्हाडात त्याच एप्रिलमध्ये मिळाले. कोरियन मालिका संपवून मोकळी झालेली नात एका रात्री आजोबांशेजारी येऊन बसली. लक्ष्मण मूर्च्छित पडला होता, हनुमान द्रोणागिरीकडे निघाला होता. ती गप्प होऊन पाहत होती. थोड्या वेळाने तिने हळूच विचारले, "आबा, तो वेळेत पोचतो का?"

आजोबा चमकले. ही मुलगी गंमत करीत नव्हती; तिला खरोखरच ठाऊक नव्हते. कोरियातल्या सेनाधिकाऱ्याचे काय झाले हे तिला तोंडपाठ होते, आणि हनुमान सूर्योदयाच्या आत परततो की नाही, हे कोणी तिला आजवर सांगितलेले नव्हते. मुलाच्या बदल्या, सुनेची नोकरी, शाळेची परीक्षा, यांतून ते राहून गेले होते. सांगावयाचे काम ज्यांचे, ते आजोबा तर याच घरात होते.

उत्तर त्यांच्या ओठांवर आले होते. पण ते शहाणे गृहस्थ. आठवड्यापूर्वीचे कानांवरचे हात त्यांना आठवले. त्यांनी दूरदर्शनचा आवाज थोडा वाढविला आणि म्हणाले, "बस इथं. बघ तू."

भाग संपल्यावर मात्र त्यांनी दूरदर्शन बंद केले आणि द्रोणागिरीची मागची कथा, जी मालिकेत नव्हती ती, आपल्या आजीने सांगितली होती तशी आरंभापासून सांगावयास घेतली. शेवट त्यांनी दुसऱ्या रात्रीवर ठेवला.